फोटोंच्या कडेची बाई

१

बाजारातून परत येऊन तिनं कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा आधी तिला वाटलं की आपण चुकीचा फोल्डर उघडलाय.

तिनं तो बंद करून पुन्हा उघडला. मग शोधाच्या चौकटीत नाव टाइप करून पाहिलं. 'अनोळखी बाई'. सकाळी तिनं स्वतःच दिलेलं नाव. फोल्डर जागच्या जागी होता, पण आत काहीच नव्हतं. मूळ फोटो जिथे होते, त्या वर्षवार फोल्डरांतूनही ते नाहीसे झाले होते. आणि जाताजाता रीसायकल बिनही कुणीतरी आठवणीनं रिकामा केला होता.

चुकून बोट लागून असं होत नाही. चूक इतकी नीटनेटकी नसते.

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. ती विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायची. लोक चेपलेल्या बॉनेटचे, फुटलेल्या दिव्यांचे फोटो पाठवायचे आणि त्यातला खोटा कुठला ते शोधणं हे तिचं काम. धाकट्या भावानं चिडून ठेवलेलं हे नाव काकांनी गल्लीभर करून टाकलं होतं.

बाबा गेल्या वर्षी गेले. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले सगळे जुने अल्बम एकेक करून स्कॅन केले होते, पण लावण्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर चांगला', 'नक्की लावणे', 'आईला विचारून लावणे', अशी सगळी खिचडी. आता धाकट्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला हॉलमधल्या पडद्यावर घरचे जुने फोटो दाखवायचे होते. म्हणून फौजदारनं रजा टाकून हे काम अंगावर घेतलं होतं.

घरात तेव्हा तीनच माणसं होती. आई स्वयंपाकघरात. धाकटा आतल्या खोलीत, ऑफिसचं काम घरून करत. आणि खालच्या मजल्यावरचे काका, जे वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं हव्या त्या वेळी वर येत आणि ज्यांच्याकडे घराची किल्ली होती. कॉम्प्युटरचा पासवर्ड तिघांनाही तोंडपाठ होता.

यांच्यापैकी एकानं हे केलं होतं. आणि कुणी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

२

सगळं सुरू झालं होतं ते सकाळी, चहाच्या वेळी.

फोटो लावायला तिनं एक प्रोग्रॅम घेतला होता. तो चेहरे ओळखायचा आणि एकाच माणसाचे फोटो एकत्र आणून विचारायचा, ही व्यक्ती कोण? आई, बाबा, काका, धाकटा, सगळ्यांची नावं तिनं भराभर घातली. दाढी असलेले बाबा आणि दाढी नसलेले बाबा ही दोन माणसं आहेत असा त्याचा ठाम समज होता, तोही तिनं दूर केला. मग त्यानं एका बाईचा चेहरा पुढे केला.

शाळेच्या मैदानावर, गर्दीत मागे. बागेत, घसरगुंडीच्या पलीकडे. नाटकाच्या हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत. कधी तरुण, कधी केस पांढरे व्हायला लागलेली. वर्षं बदलत होती, गावं बदलत होती, बाई तीच होती. नेहमी फोटोच्या कडेला उभी, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

फौजदारच्या मनात पाल चुकचुकली. एकाच बाईचं एकदा, दोनदा मागे दिसणं समजू शकतं. पण सगळं लहानपणभर?

तिनं कॉम्प्युटरचा स्क्रीनच जेवणाच्या टेबलाकडे वळवला. "ही कोण आहे? कुणी ओळखतं का?"

काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "असेल कुणीतरी. गर्दीत काय, माणसं असतातच."

धाकटा बराच वेळ पाहत राहिला आणि एकदम म्हणाला, "ताई, हे लग्नात दाखवायचं नाहीये हां."

आईनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "चहा गार होतोय," एवढंच म्हणाली.

तिघांपैकी कुणीही 'अरेच्चा' म्हटलं नाही. घरातल्या प्रत्येक फोटोमागे एक परकी बाई निघते आणि कुणाला आश्चर्यच वाटत नाही, हे तिला त्या बाईपेक्षाही विचित्र वाटलं. त्यानंतर ती फोटोच्या चौकटी आणायला बाजारात गेली, आणि तेवढ्यात कुणीतरी डाव साधला.

मात्र एक गोष्ट त्या माणसाला ठाऊक नव्हती. काम हातात घेतलं की आधी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवायची, ही फौजदारची ऑफिसातली सवय. पहिल्याच दिवशी तिनं सगळे फोटो एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले होते.

ती डिस्क बाजारात तिच्याबरोबर, तिच्या बॅगेत होती. तिनं ती कुणाला न दाखवता तशीच आत राहू दिली. आधी माणसं बोलू देत, फोटो कुठे पळून जात नाहीत.

३

काका खाली आरामखुर्चीत पेंगत होते. किंवा तसं दाखवत होते.

"काका, फोटो तुम्ही पुसलेत?"

"मी? अगं, मला त्या उंदराचं डावं बटण कुठलं ते आठवत नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते सरळ बसले. "पुसले का? बरं झालं. एका दृष्टीनं बरंच झालं."

"म्हणजे तुम्ही तिला ओळखता."

काकांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ओळखत नाही. एकदाच पाहिलंय. दवाखान्यासमोर दादा तिच्याशी बोलत उभा होता. त्यानं तिला एक खाकी लिफाफा दिला. तिनं तो असा छातीशी धरला, जसं काही… जाऊ दे. मी दादाला विचारलं. तर म्हणाला, तू पाहिलं नाहीस असं समज. आयुष्यात माझ्याशी तो तेवढा एकदाच त्या आवाजात बोलला. गेलेल्या माणसाच्या गोष्टी उकरू नकोस, पोरी. तुझ्या आईचा तरी विचार कर."

बाबा? साधे, सरळ, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारे बाबा?

धाकट्याच्या खोलीचं दार बंद होतं. तिनं टकटक केली तर त्यानं ते अर्धंच उघडलं.

"हो, पुसणार होतो मी," तो तिनं विचारायच्या आधीच म्हणाला. "तू गेल्यावर बसलोही होतो जाऊन. पण फोल्डर रिकामाच होता. मला वाटलं तूच शहाणपणा केलास."

"का पुसणार होतास?"

"ताई, तू एवढी फौजदार, आणि तुला दिसलं नाही?" त्याचा आवाज फाटला. "त्यातल्या एकाही फोटोत आई नाही. एकाही. ती बाई असली की आई नसते. हे सगळं आईच्या पाठीमागे चालू होतं. बाबा आपल्याला घेऊन जायचे आणि ती तिथे यायची. आता माझ्या लग्नाच्या तोंडावर आईला हे कळायला हवंय का?"

तो खोटं बोलत असेल तर फारच चांगलं बोलत होता. आणि मुद्दा बिनतोड होता. आई खरंच एकाही फोटोत नव्हती.

आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात धरून.

"आई, ते फोटो गेले."

"कुठले?"

"त्या बाईचे."

आईनं चिमटा काढून चादरीला लावला. चादर मध्ये आली आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. "मला कुठे येतं तुमचं ते कॉम्प्युटर. गेले तर गेले. एवढे ढिगानं आहेत, त्यातले थोडे कमी झाले."

"पण कुणी पुसले?"

"आणि कोण कुठली ती बाई, पाठ फिरवून उभी असलेली, तिच्यापायी घर डोक्यावर घेतेस!" चादरीपलीकडून आवाज आला. "भावाचं लग्न तोंडावर आलंय. याद्या करायच्यात, साड्या आणायच्यात. सोड आता."

फौजदार खाली उतरली. काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते हाती लागत नव्हतं. तिनं स्वतःच्या खोलीचं दार आतून लावलं, बॅगेतून डिस्क काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली.

४

डिस्कवरचे फोटो एका बाजूला, घरच्या वायफायवरून दिसणारे, कॉम्प्युटरवर उरलेले दुसऱ्या बाजूला. कुठला आहे, कुठला गेला, हे ती एकेक करून पाहू लागली.

चेहऱ्याचे सगळे गेले होते, ते तिला माहीतच होतं. पण त्यांच्याबरोबर आणखीही काही गेले होते. प्रोग्रॅमनं न दाखवलेले. तिनं त्यातला एक मोठा करून पाहिला. सहलीचा फोटो, तळ्याकाठचा. मुलं दगडावर चढलेली. एका कोपऱ्यात, पाण्याकडे तोंड करून, एक पाठ. लांब वेणी, खांद्यावर झोळी.

दुसऱ्यात छत्रीखालची पाठ. तिसऱ्यात माणसांच्या आडून दिसणारा नुसता खांदा आणि वेणीचं टोक.

प्रोग्रॅमला चेहरा लागतो. पाठीवरून तो कुणाला ओळखत नाही. म्हणजे हे पुसणाऱ्यानं प्रोग्रॅमच्या भरवशावर काम केलं नव्हतं. त्याला ते फोटो पाठ होते, आणि त्या बाईला तो नुसत्या वेणीवरून ओळखत होता.

काकांनी तिला एकदाच पाहिलं होतं. तरी फौजदारनं खात्री करून घेतली. तळ्याचा फोटो फोनवर घेऊन ती खाली गेली आणि म्हणाली, "काका, यात कुणी ओळखीचं दिसतंय?" काकांनी निरखून पाहिलं आणि तिच्याच लहानपणीच्या फ्रॉककडे बोट दाखवून हसले. "हे ध्यान." कोपऱ्याकडे त्यांची नजर गेलीसुद्धा नाही. तिथेच चहाला आलेल्या धाकट्याचंही तेच झालं. तो दगडावरच्या स्वतःच्या गळक्या नाकातच अडकून पडला.

जिना चढता चढता ती मध्येच थांबली.

पाठ फिरवून उभी असलेली.

सकाळी टेबलावर तिनं जे फोटो दाखवले, त्या सगळ्यांत बाईचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. पाठमोरे फोटो आहेत हे तिला स्वतःलाही आत्ता कळलं होतं. मग गच्चीवर आईला ते कसं माहीत होतं?

जिन्याच्या कठड्याला धरून ती तशीच उभी राहिली. म्हणजे आई. तिला सगळं ठाऊक होतं. नवऱ्याचं प्रकरण तिनं वर्षानुवर्षं गिळलं होतं आणि आज मुलांना कळू नये म्हणून पुसून टाकलं होतं. एवढं सरळ उत्तर समोर असताना शोध इथेच थांबायला हवा होता.

पण मनातला काटा काही निघेना. नवऱ्याच्या मैत्रिणीला कुणी नुसत्या वेणीच्या टोकावरून ओळखतं का? आपण पाठीवरून ओळखतो ते आपल्या माणसांना.

५

ती परत फोटोंकडे वळली. या वेळी ऑफिसात पाहते तसं पाहू लागली. फोटोत काय आहे ते नाही, फोटो कुठून काढलाय ते.

मागे एकानं दावा केला होता की अपघात झाल्याझाल्या रस्त्यावर उभं राहून फोटो काढला. फोटोत गाडीचं छप्पर दिसत होतं. तो कुणाच्या तरी बाल्कनीतून काढलेला निघाला. कॅमेरा किती उंचीवर होता ते फोटो लपवू शकत नाही.

बाबा ताडमाड उंच. त्यांनी काढलेल्या फोटोंत मुलांचे भांग दिसायचे, टेबलांचे वरचे पृष्ठभाग दिसायचे, सगळं जग थोडं वरून. घरात हा चेष्टेचा विषय होता. पण या बाईच्या फोटोंत? कॅमेरा खाली होता. मोठ्या माणसांच्या छातीच्या उंचीवर. शाळेच्या मैदानावरची भिंत नजरेच्या वर जात होती, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. काढणारं माणूस बुटकं होतं.

मग तिनं हवा तो फोटो शोधून काढलाच. बागेतला. घसरगुंडीशेजारी बाबा स्वतः उभे होते, हातात पाण्याची बाटली. आणि पलीकडे ती बाई.

बाबा फोटोत आहेत, तर कॅमेरा कुणाच्या हातात आहे?

काका? त्याच फोटोत काकाही मागे बाकावर बसलेले होते. उरलं कोण? घरातली सगळ्यात बुटकी व्यक्ती. कॅमेरा हातात असतानाही कुणाच्या लक्षात न राहणारी. यातल्या एकाही फोटोत नसलेली.

ती बाई असली की आई नसते, हे धाकट्याचं म्हणणं खरंच होतं. त्याचा अर्थ तेवढा उलटा होता. आई नव्हती, कारण आई कॅमेऱ्यामागे होती. काही चोरून चाललंच नव्हतं. ती बाई आईच्या डोळ्यांसमोर, आईनं ठरवलेल्या चौकटीत उभी राहत होती. प्रत्येक वेळी ती कडेला, पण पूर्ण चौकटीच्या आत. कुठेही कडेनं कापलेली नाही. हे आपोआप होत नाही. फोटो तिच्यासाठीच काढलेला असतो तेव्हाच असं होतं.

पण तिला तिथे यायचं कशासाठी होतं? मैत्रीण असेल तर ती घरी का आली नाही? टेबलावर बसून चहा का प्याली नाही?

ती कुणाला तरी बघायला येत होती. लांबून.

फौजदारनं फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले. या वेळी बाईकडे न बघता मधल्या माणसांकडे बघत. बाबा काहींत होते, काहींत नव्हते. काका मोजक्याच. धाकटा जवळजवळ सगळ्यांत होता आणि क्षणभर तिला वाटलं, हा. पण सहलीच्या आधीच्या एका बक्षीस समारंभात तो नव्हता. त्याला गोवर आला होता, काका त्याच्यापाशी घरी थांबले होते. आणि सगळ्यात जुन्या फोटोंत तर त्याचा जन्मच झाला नव्हता.

प्रत्येक फोटोत असलेलं माणूस एकच होतं. बक्षीस घेताना. दगडावर. घसरगुंडीवर. पदवीच्या काळ्या झग्यात.

तिनं स्वतःचा एक चेहरा मोठा केला, त्याच्या शेजारी त्या बाईचा. कपाळ. भुवया. डावीकडे किंचित चढलेला ओठ, ज्याच्यावरून कॉलेजात मैत्रिणी तिला चिडवायच्या की तू कायम कुणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसतेस.

दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. तिनं हातानं ते स्क्रीनवरून अडवलं आणि दोन्ही चेहरे पुन्हा पाहिले.

६

आई कोरडे कपडे घेऊन खाली आली, तेव्हा ती पलंगावर बसली होती. लॅपटॉप उघडा. दोन चेहरे शेजारी-शेजारी.

आईनं पाहिलं. कपड्यांचा ढीग तसाच हातात धरून ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"प्रत ठेवली होतीस," आई म्हणाली.

"हो."

"वाटलंच होतं मला. तू लहानपणीही लाडू लपवून ठेवायचीस." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी बसायचो. एकाच खोलीत राहायचो. तिची वेणी मी घालायचे, माझी ती. मग माझं लग्न झालं. तिचं ठरलेलं होतं, पण तो माणूस ऐन वेळी पाय मागे घेऊन गेला. तू तिच्या पोटात होतीस तेव्हा."

फौजदारनं स्क्रीनवरचा बाईचा चेहरा आणखी मोठा केला.

"आम्हाला तेव्हा मूल होत नव्हतं, धाकटा पुष्कळ पुढे झाला. तिनंच विचारलं. तुझे बाबा तयार झाले, माझ्याआधी तयार झाले. तिनं एवढंच मागितलं होतं, मला ती मोठी होताना दिसू दे. घरी येणार नाही, जवळ येणार नाही. म्हणून मी तिला कळवायचे. अमुक दिवशी नाटक आहे, तमुक ठिकाणी सहल आहे. फोटो मी काढायचे, तुम्ही दोघी एका चौकटीत याव्यात म्हणून. काही वेळा तिला बघवायचं नाही, मग ती पाठ फिरवायची. फोटोची दुसरी प्रत बाबा तिला नेऊन द्यायचे."

"खाकी लिफाफ्यात."

"काकांनी सांगितलं होय तुला? त्यांना कायम वाटत आलं की…" आईनं मान हलवली. "तू आज त्या फोटोंच्या मागे लागलीस तेव्हा मी ठरवलं, लागू दे संशय बाबांवर. तेवढ्यावर तू थांबशील. ते असते तर स्वतःच म्हणाले असते, येऊ दे माझ्यावर, काय फरक पडतो."

"मला फरक पडला असता," ती म्हणाली. "माझ्या बाबांबद्दल मी आयुष्यभर वाईट विचार केला असता, आई. आणि तू करू दिला असतास."

आईची मान खाली गेली. कपड्यांच्या ढिगावरचा एक टॉवेल ती पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली. "दरवर्षी ठरवायचो, आता सांगू. शाळा झाली की, कॉलेज झालं की. मग ते गेले आणि मी एकटी राहिले. फोटो मीच पुसले. बाबांनीच शिकवलं होतं मला सगळं, पुसायचं कसं तेसुद्धा. तू तिला ओळखशील आणि जाशील, एवढंच डोक्यात होतं. काही उरणार नाही माझ्याकडे."

फौजदारला राग आला होता. फार. पण समोर बसलेली ती बुटकी, थकलेली बाई टॉवेलाच्या चार घड्यांच्या आठ करत होती. तिनं तो टॉवेल आईच्या हातातून काढून घेतला.

"ती कुठे राहते?"

आईनं दचकून वर पाहिलं.

"चल," ती म्हणाली. "तू पण."

७

सायकलींच्या दुकानावरचा मजला. अरुंद जिना, वर एकच दार. दाराशी आल्यावर आईनं पदर नीट केला, आणि बेल वाजवायला उचललेला हात खाली घेतला. शेवटी फौजदारनंच वाजवली.

दार उघडलं. केस आता सगळे पांढरे होते, पण वेणी तशीच लांब. बाईनं आधी आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "तिनंच शोधलं."

बाई दारातून बाजूला झाली. आतली खोली लहान होती, स्वच्छ होती. भिंतीवर एकही फोटो नव्हता; कुणी आलं तर दिसू नये म्हणून असेल. तिघी बसल्या. कुणी कुणाकडे सरळ पाहत नव्हतं. खाली दुकानात कुणीतरी घंटी तपासत होतं, ट्रिंग, ट्रिंग, आणि प्रत्येक वेळी तिघीही दचकत होत्या.

मग बाई एकदम उठली. "चहा टाकते," म्हणाली, आणि आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. गॅस पेटला. थोड्या वेळानं ती हातात साखरेचा डबा घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुझ्या शाळेची पहिली घंटा वाजली तेव्हा मी फाटकाशी होते," ती म्हणाली. "तुला बक्षिसं कशाकशात मिळाली ते मला माहीत आहे. पण तुला चहात साखर किती लागते, ते मला माहीत नाही."

आईनं तोंड उघडलं. उत्तर तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. पण तिनं ओठ मिटले, हात मांडीवर एकमेकांत गुंफले आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"एक चमचा," मुलगी म्हणाली. "पण वर भरलेला."